चौरप्पाची साक्ष

चौरप्पा गवंडी माझ्यासोबत एकवीस वर्षं कामाला होता. त्याने बांधलेल्या भिंतीला मी पुन्हा ओळंबा लावून पाहिला नाही. एवढं मी दुसऱ्या कुणाबद्दल लिहिणार नाही.

तो हूटगळ्ळीचा, कॅथलिक. बोलायचा कन्नडात, इथे मराठीत लिहितो. त्याची बायको जपमाला आमच्याच कामांवर पाट्या उचलायची. रविवारी दोघं चर्चला जायची. त्या दिवशी काम कितीही घाईचं असो, यायची नाहीत.

कोविडच्या आदल्या वर्षी आम्ही हूटगळ्ळीतच एका नव्या घराचा सज्जा काँक्रीटने भरला. सहा फूट बाहेर आलेला. एका बाजूने भिंतीत धरलेला, पुढे नुसती हवा. अशा सज्ज्याखालचे टेकू चौदा दिवस हलवायचे नसतात. सेंट्रिंगचा, म्हणजे टेकू आणि प्लेटा लावण्या-काढण्याचा, ठेका गुंडेरावकडे होता. गुंडेराव माझा मावसभाऊ. आठव्या दिवशी त्याला लोखंडी प्लेटा दुसऱ्या कामावर हव्या झाल्या. मी त्या दिवशी कामावर नव्हतो. चौरप्पा त्याला म्हणाला, "अजून सहा दिवस आहेत." गुंडेराव म्हणाला, "काही होत नाही. काढा." टेकू निघाले आणि सज्जा खाली आला. खाली जपमाला वाळू चाळत होती.

निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा दाखल झाला. "काढा" हा शब्द ऐकलेला, साक्षीला उरलेला माणूस एकच, चौरप्पा. टेकू ओढणारी दोन पोरं बिहारची. ती त्याच रात्री गाडीत बसली, परत दिसली नाहीत.

महिन्याने चर्चमध्ये जपमालासाठी प्रार्थना झाली. मी गेलो होतो. गुंडेराव फाटकाबाहेर उभा होता, आत यायचं धाडस नव्हतं. चौरप्पा उठला, बाहेर गेला आणि त्याच्या दंडाला धरून त्याला आत घेऊन आला. शेवटच्या बाकावर बसवलं. म्हणाला, "मी तुला माफ केलंय. आता बस." सगळ्यांनी ऐकलं. त्याची मुलगी सुष्माही तिथेच होती. ती उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

खटला उभा राहायला चार वर्षं लागली. साक्षीच्या आदल्या आठवड्यात गुंडेरावची आई अंबुबाई माझ्याकडे आली. म्हणाली, "मला त्याच्या घरी ने. तुझं ऐकतो तो." मावशीला नाही म्हणता आलं नाही. मी तिला आणि गुंडेरावला घेऊन हूटगळ्ळीला गेलो. हे मी चांगलं केलं असं आज म्हणत नाही.

अंबुबाई खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानेच बोलली, "अय्यो चौरप्पा, तू देवमाणूस. देवळात, म्हणजे तुमच्या चर्चात, सगळ्यांसमोर माफ केलंस. आता कोर्टात एवढंच म्हण, नीट आठवत नाही. चार वर्षं झाली, कुणाला आठवतं?"

"मला आठवतं, अम्मा."

"मग माफ केलंस ते काय तोंडदेखलं?"

"नाही. ते खरं आहे. ते मी परत घेत नाही."

गुंडेराव खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, माफही करणार आणि आतही घालणार. हा कुठला न्याय?"

चौरप्पा कधीच घाईने बोलत नसे. "आमच्यात पाद्रीपुढे कबुली देतात," तो म्हणाला. "आधी आपण काय केलं ते सांगायचं. मग तो प्रायश्चित्त सांगतो आणि माफी देतो. ते प्रायश्चित्त मग आपण करायचं. माफी मिळाली म्हणून प्रायश्चित्त सुटत नाही. आणि प्रायश्चित्त पुरं होईपर्यंत माफी अडवूनही ठेवत नाहीत. तुला माफी मिळालीय. बाकीची दोन कामं तुझी आहेत."

"तुमच्या येशूने तर दुसरा गाल पुढे करायला सांगितलाय म्हणे," अंबुबाई म्हणाली.

"माझा गाल असता तर केला असता, अम्मा. जपमालाचा गाल मी कसा पुढे करू?"

स्वयंपाकघराच्या दारातून सुष्मा म्हणाली, "अप्पा, यांना चहा द्यायचा की तोही माफ?"

"चहा दे," चौरप्पा म्हणाला. "आणि तू खूश होऊ नकोस. त्याला त्रास व्हावा म्हणून मी साक्ष देत नाही."

"मग कशासाठी?"

"झालं ते झालं असं कुठेतरी लिहिलं जावं म्हणून."

चहा आला. अंबुबाईने घेतला नाही. गुंडेरावने घेतला.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. मला उगाच वाटत होतं की चौरप्पा ऐनवेळी ढिला पडेल. म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी पाहून बरेच साक्षीदार ढिले पडतात. तो पिंजऱ्यात ताठ उभा राहिला. सरकारी वकिलाने विचारलं तसं त्याने दिवस सांगितला, वेळ सांगितली, शब्द सांगितला. मग कुणी न विचारता म्हणाला, "अजून एक आहे. मी एकदाच सांगितलं, अजून सहा दिवस आहेत. त्याने ऐकलं नाही, तेव्हा मी मुकाट जाऊन माल कालवायला लागलो. बायकोला बाजूला हो म्हणालो नाही. तेही लिहा."

सरकारी वकिलाने कपाळाला हात लावला. गुंडेरावचा वकील लगेच उठला.

"म्हणजे चूक तुमची?"

"माझी माझी आहे. त्याची त्याची आहे."

"तुम्ही आरोपीला चर्चमध्ये माफ केलंत, हे खरं?"

"खरं."

"म्हणजे त्याचा दोष नाही हे तुम्हाला मान्य होतं."

"दोष नसता तर माफ कशाला केलं असतं?"

वकील कागद चाळू लागला. मॅजिस्ट्रेट बाईंनी ते वाक्य टंकलेखकाला दोनदा सांगून नीट लिहून घेतलं.

नऊ महिन्यांची शिक्षा झाली. वकील म्हणाला, अपील करू, जामीन मिळेल. गुंडेराव म्हणाला, "नको." कोर्टात तो एवढंच बोलला.

मला वाटलं, इथे चौरप्पाचं काम संपलं. त्याचं तसं मत नव्हतं. पहिल्या महिन्यात तो मला म्हणाला, "मेस्त्री, चल, तुरुंगात जायचंय." भेटीच्या अर्जात कैद्याशी नातं लिहायचा रकाना होता. मी मावसभाऊ लिहिलं. चौरप्पाने थोडा विचार केला आणि लिहिलं, मयत बाईचा नवरा. खिडकीतल्या शिपायाने अर्ज वाचला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"भांडण करायला आलाय का?"

"भेटायला आलोय."

गुंडेराव मला भेटला. चौरप्पाचं नाव ऐकून परत आत गेला. दुसऱ्या महिन्यातही तसंच झालं. दीड तास बाकावर बसून चौरप्पा घरी गेला. सुष्मा त्याला म्हणाली, "अप्पा, तो तुम्हाला तोंड दाखवत नाही आणि तुम्ही दोन बस बदलून जाता. किती दिवस?"

"नऊ महिने," तो म्हणाला. "त्याला शिक्षा व्हायला मी बोललो. ती तो कशी भोगतो हे बघायला कोण जाणार? शिक्षा माणसाला एकटं टाकण्यासाठी नसते."

सुष्मा म्हणाली, "मी येणार नाही."

"मी तुला ये म्हणालो नाही."

तिसऱ्या महिन्यात गुंडेराव जाळीपाशी आला. वाळला होता. चौरप्पाकडे न बघता म्हणाला, "का येतोस अण्णा? साक्ष तूच दिलीस ना?"

"दिली. उद्या विचारलं तरी तीच देईन."

"मग?"

"जेवण कसं आहे?"

गुंडेराव जाळीला कपाळ टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "मी 'काढा' म्हणालो, अण्णा. मीच म्हणालो. वकिलाने सांगितलं होतं, कधी कबूल करू नको."

"हं," चौरप्पा म्हणाला. शिपायाने वेळ संपल्याची हाक दिली. चौरप्पा गुडघ्यांवर हात ठेवून उठला. "पुढच्या महिन्यात येतो. हाक मारल्यावर लगेच बाहेर ये. या बाकावर बसून माझी कंबर जाते."