‘वाढ’ म्हटलं की ताट गायब

“मॅडम, तुमचं बटण उलटं चालतंय की!”

श्रीनूच्या आईने, पद्माने, बटण माझ्या टेबलावर आपटलं. “पोरगं ह्ये दाबतंय, अर्धपोटी उठतंय आन् मग रडत बसतंय. घ्या तुमचं तुमाला.”

मी सोलापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं, मी मुलांना बोलतं करते. पण सगळी मुलं तोंडानेच बोलतील असं नसतं. सहा वर्षांच्या श्रीनूला ऑटिझम आहे. तो शब्द उच्चारत नाही, सांगायचं मात्र त्याला भरपूर असतं. ते सांगता यावं म्हणून आम्ही चित्रं वापरतो, खुणा वापरतो, नाहीतर असं बोलतं बटण. लाल, वाटीएवढं. त्यात एक शब्द रेकॉर्ड करायचा, दाबलं की तो वाजतो. बाकी काही जादू नाही.

श्रीनूच्या बटणात मी माझ्या आवाजात ‘वाढ’ भरलं होतं. जेवताना ‘अधिक द्या’ कोण म्हणतं? वाटीत चार चुरमुरे टाकायचे, त्याने बटण दाबायचं, मी आणखी वाढायचे. एवढं जमायला कितीतरी आठवडे गेले. जमलं त्या दिवशी मी अशी नाचले की शेजारच्या खोलीतले पालक बघायला आले.

आणि आता बटण परत.

“सेल बदल,” आमच्या सेंटरच्या हेड, मोठ्या मॅडम म्हणाल्या. सेल बदलले. मग अख्खं बटण बदललं. पद्मा म्हणाली, “ह्ये बी उलटंच!”

मला खरी धास्ती श्रीनूची होती. आपण सांगतो एक आणि होतं भलतंच, असं पुन्हापुन्हा झालं की मूल सांगणंच सोडून देतं. मग पुन्हा सगळं ठप्प. मी सरळ त्यांच्या घरी गेले.

घर तेलुगू विणकरांचं. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला. पद्मा घरी विड्या वळते आणि नेमकी जेवणाच्या वेळी त्या पोचवायला जाते. म्हणून श्रीनूला जेवू घालायचं काम अव्वाकडे, म्हणजे आजीकडे. अव्वांना ऐकू जरा कमी येतं. त्या दिवशी माझ्यासाठी पद्मा थांबली होती.

श्रीनूने पप्पू-भात चाटूनपुसून संपवला. पप्पू म्हणजे वरण. मग त्याने ऐटीत बटण दाबलं. “वाढ!”

अव्वांनी ताट उचललं.

त्याने पुन्हा दाबलं. अव्वांनी तांब्या-पेला उचलला. त्याने बटणावर बुक्की मारली. अव्वांनी भाताचं पातेलंही आत नेलं. पोरगं लालबुंद.

“अव्वा, अहो, काय करताय?”

“वद्दु म्हणतंय की त्ये,” अव्वा म्हणाल्या. “नको म्हणतंय लेकरू. मी कशाला जबरदस्ती करू?”

पद्माने कपाळावर हात मारला. तेलुगूत ‘वद्दु’ म्हणजे नको. माझं ‘वाढ’ त्या डबड्यातून निघून अव्वांच्या कानात पोचेपर्यंत ‘वद्दु’ झालं होतं! हसून हसून माझं पोट दुखलं. आणि मग भरूनही आलं. मुलाचा नकार ऐका, असं आम्ही पालकांना घसा सुकेपर्यंत सांगतो. इतक्या मनापासून ऐकणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

मी बटण अव्वांच्याच आवाजात करायचं ठरवलं. शब्द ‘इंका’, म्हणजे आणखी. अव्वा तोंड बटणाला लावून ओरडल्या, “बोलू का आता? आँ? इंका!” ते सगळंच रेकॉर्ड झालं. मी पुसायला गेले तर श्रीनूने बटण पोटाशी धरलं. राहू दिलं. त्या दिवशी तो इतकं जेवला की थांबवण्यासाठी दुसरं, निळं बटण लागलं. त्यातही अव्वांनीच एक शब्द भरला.

पुढच्या आठवड्यात मोठ्या मॅडम स्वतः श्रीनूला बघायला बसल्या. मॅडमना बालगीतं म्हणायची हौस आहे. गळ्याबद्दल मी बोलणार नाही, नोकरी करायची आहे. एक कडवं श्रीनूने सहन केलं. मग निळं बटण दाबलं. अव्वांचा आवाज आला, “चालू!”

“बघ, चालू ठेवा म्हणतोय!” मॅडम खूश. दुसरं कडवं.

“चालू! चालू!”

तिसऱ्या कडव्याला मॅडमनी टाळ्यांचा ठेकाही धरला. श्रीनूने शांतपणे बटण खाली ठेवलं, उठला आणि तळहाताने त्यांचं तोंड बंद केलं.

“तेलुगूत चालू म्हणजे पुरे,” मी हसू दाबत म्हणाले.

“मग आधी सांगायचं नाही का?”

“तो मघापासून सांगतोय की, मॅडम.”

आता कुठल्याही मुलासमोर गाण्याआधी मॅडम त्याच्या घरची भाषा विचारून घेतात.