खव्याच्या कारखान्यातली तांब्याची नळी

भूमजवळच्या ज्या खव्याच्या कारखान्यात मी फिटर आहे, तिथंच माझी काकू ट्रे धुते. गरम पाणी फक्त कढयांना, हा मालकाचा नियम. ट्रेला टाकीचं गार पाणी. थंडीत त्या पाण्यानं आणि सोड्यानं काकूच्या बोटांना भेगा पडायच्या, घरी भाकरी थापताना त्या पुन्हा उलायच्या. आणि तिच्या शेजारूनच कढया धुतलेलं ऊन पाणी गटारात जायचं, तिथून ओढ्याला. मला ते बघवायचं नाही, राग यायचा.

मालकाच्या मागं लागलो आणि गटाराच्या चेंबरमध्ये तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवलं. बाहेरून सांडपाणी नळी तापवणार, आतून टाकीचं पाणी ऊन होऊन ट्रे धुणाऱ्या बायकांच्या नळाला येणार. चालू करण्याआधी मीच त्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिल्या दिवशी नळाखाली हात धरून काकू हसली. मी लगेच अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

पथ्य एकच होतं. सांडपाण्यातला तुपकटपणा नळीवर बसतो, म्हणून आठवड्यातून एकदा चेंबरमध्ये उतरायचं, वेटोळ्यावर उभं राहून ब्रशनं घासायचं. ते मी बायकांना सांगितलं आणि विसरून गेलो.

महिनाभरात पाणी गार यायला लागलं. झाकण काढलं तर नळीवर बोटभर पिवळट थर. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "काकू, तुम्हाला एवढं साधं काम जमत नाही?" काकूनं मान खाली घातली. आवाज ऐकून मालक आला, वाकून बघितलं आणि असली थेरं आपल्याकडं नकोत म्हणाला. दुपारपर्यंत नळी उपटून भंगारात गेली. मी ब्र काढला नाही, नोकरी होती.

संध्याकाळी काकूच्या घरी गेलो. ती शांतपणे म्हणाली, "पूजा तूच घातली व्हती. त्याच्यावर पाय कसा द्यावा, बाबा? आमी तर रोज हात लावून पाया पडायचो."

"मग मला सांगायचं ना, काकू."

"दोनदा आले व्हते सांगायला. तू मोबाइलवर बोलत व्हता. नंतर या म्हनून हात केलास."

मला तो हात आठवला. दहा मिनिटांचं काम होतं, मी स्वतः उतरून घासलं असतं, मला पाय द्यायला काहीच वाटलं नसतं. मालकाला पुन्हा विचारून बघितलं. परत नाव काढू नको, म्हणाला.

यंदाच्या थंडीत मी काकूच्या नळाकडं जायचं टाळतो. तिच्या ते ध्यानात आलं असावं. परवा स्वतःच मला थांबवून म्हणाली, "तू लई मनाला लावून घेऊ नको. आता गार लागतच न्हाय. सुई टोचली तरी बोटाला कळत न्हाय."

मला बरं वाटावं म्हणून तिनं ते सांगितलं.