कडेच्या रांगेतली जागा

बिब्याचा ओघळ मला दिसला होता. रुमाल माझ्या खिशात होता. मी तो पुसला नाही.

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं स्वतःलासुद्धा वेगळ्या शब्दांत सांगत आलो. हात हलला, उजेड कमी होता, बिबाच जास्त रसाळ निघाला, असं काहीबाही. उजेड भरपूर होता. जानेवारीतल्या रविवारची दुपार होती. दिल्लीच्या छावणीत बराकीच्या मागं आम्ही दोघं उन्हात बसलो होतो, आणि माझ्या जोडीदाराचा उजवा पाय माझ्या मांडीवर होता.

मी भरती झालो तेव्हा आमचा बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात होता. दिल्लीला बदली होईपर्यंत महाराष्ट्र झाला होता. पहिल्या हजेरीला उस्तादानं, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या हवालदारानं, "कहाँ का है?" असं विचारलं आणि मी क्षणभर अडखळलो. मागच्या रांगेतून हळूच आवाज आला, "महाराष्ट्र सांग बे. नवीन निंगालं आहे."

हजेरी सुटल्यावर तो शोधत आला. "कुठचा बे तू?"

"उंद्री. चिखलीजवळ."

"म्हंजे घाटावरला. तरीच! घाटावरल्या लोकायले सवाल समजाले येळ लागते."

"आन तू?"

"सोनाळा. घाटाखाली. आमच्याकडे केळी पिकते, तुमच्याकडे निसते गोटे."

त्या दिवसापासून आम्ही जोडीदार झालो; मी त्याचा घाटावरला आणि तो माझा घाटाखालचा. पलटणीत देशभरची माणसं होती, पण मराठी बोलणारे आम्ही दोघंच. उस्तादासमोर उभं राहून त्याच्याच मिशीची टिंगल करता येईल अशी भाषा आमच्याजवळ होती. लंगरमध्ये तो माझ्या ताटातली डाळ पाहून म्हणायचा, "पाह्य बे, पोहाले शिकून घे यात." मी घरून आलेलं पत्र आधी त्याला वाचून दाखवायचो. त्याचं पत्र गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं असायचं. तेही मीच वाचायचो, कारण त्याला अक्षर लवकर लागत नसे.

दिवाळीनंतर सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी निवड सुरू झाली. परेडमध्ये उंच माणसं दोन्ही कडांना घेतात आणि बुटकी मधे. आम्ही दोघं उंचीनं जवळजवळ सारखे होतो. उस्तादानं आम्हाला पाठीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर छडी आडवी ठेवली, आणि त्याला डाव्या कडेला, मागून चौथ्या रांगेत जागा दिली. मला त्याच जागेचा राखीव ठेवलं.

राखीव माणूस सगळं करतो. पहाटे थंडीत उठतो, बुटाच्या टोकात चेहरा दिसेपर्यंत चिंधी घासतो, इस्त्री मोडू नये म्हणून ट्रकमध्ये उभ्यानं जातो. उस्ताद रांगेपुढं दोरी ताणून धरतो तेव्हा तिला छाती लावून उभा राहतो. फक्त सव्वीस तारखेला तो ट्रकपाशी थांबतो.

माझे वडील उंद्रीच्या शाळेत मास्तर होते. मॅट्रिक झालेल्या मुलानं शिपाई व्हावं हे त्यांना पटलं नव्हतं. दोन वर्षं त्यांनी मला पत्र लिहिलं नाही, आईच्या पत्राखाली नुसती सही करायचे. परेडची यादी लागली त्या दिवशी मी घरी लिहिलं, "माझी निवड झाली." राखीव हा शब्द गाळला. आठ दिवसांत वडिलांचं पत्र आलं, पहिल्यांदा त्यांच्या अक्षरात. झेंडावंदन झालं की मुलांना रेडिओपुढं बसवणार आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र मी जोडीदाराला वाचून दाखवलं नाही.

त्याच सुमारास त्याच्याही वडिलांचं पत्र आलं. गावची चार म्हातारी माणसं मथुरा-वृंदावनाला निघाली होती. वडीलही त्यांच्याबरोबर भुसावळला गाडी बदलून येणार, पंचविसाला दिल्लीत धर्मशाळेत उतरणार, सव्विसाला परेड पाहणार आणि दुसऱ्या दिवशी छावणीच्या फाटकावर भेटायला येणार. उत्तर मीच लिहिलं, तो सांगत गेला: "लिही, लाल किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या हाताले उभे राहा. पगडीले लाल तुऱ्यावाले आमचे लोक आले का नुसती कड पाहा. मांगून चौथा मी." मग म्हणाला, "बा कवा मलकापूरच्या पलीकडं गेला नाई बे. रेल्वेतच घाबरून जाईन."

त्याच्या टाचेपुढं, तळव्याला, एक जुनं कुरूप होतं. लहानपणी बाभळीचा काटा आत मोडून राहिलेला. नाल ठोकलेले बूट रोज तीन-चार तास आपटून ते ठणकायला लागलं. दवाखान्यात गेलं की डॉक्टर आराम लिहिणार आणि आराम लिहिला की परेडमधून नाव कटणार, म्हणून तो कुणाला सांगेना. ट्रंकेत मात्र त्यानं गावचे दोन बिबे ठेवले होते. त्या रविवारी तो ते घेऊन माझ्याकडं आला.

उंद्रीत आमच्या घरी काट्याकुरपाच्या बाया आईकडे यायच्या. बिबा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की नेमका कुरपावर एकदा टेकवायचा. त्याआधी भोवतीच्या कातडीला गोडं तेल लावून ठेवायचं, म्हणजे बिबा उतत नाही, अंगावर फोड उठत नाहीत. लहानपणापासून दिवा मीच धरत आलो होतो. आईचं एकच सांगणं असायचं: एकदाच, आणि ओघळ आला तर लगेच पूस. हे सगळं मी त्याला सांगितलं होतं. म्हणून तर तो माझ्याकडं आला.

मी गोडं तेल लावलं नाही. लंगरमधून मागून आणावं लागेल, राहू दे, असं म्हणालो. चटका दिला, पुन्हा दिला. त्यानं दात दाबून शिवी दिली. मग एक काळा थेंब कुरपावरून सुटला आणि पायाच्या मऊ भागाकडं, घोट्याच्या दिशेनं सरकत गेला. मी त्याच्याकडं पाहत बसलो. वडिलांचं पत्र वरच्या खिशात होतं, रुमाल खालच्या. तो म्हणाला, "झालं का बे?" मी म्हणालो, "झालं. आता झाकून ठेव."

मंगळवारी सकाळी त्याचा पाय बुटात गेला नाही. घोट्यापर्यंत फोड आले होते आणि पाऊल सुजून भोपळ्यासारखं झालं होतं. डॉक्टरनं विचारलं, हे कुणी केलं? तो म्हणाला, मीच केलं, साहेब. त्याला दवाखान्यात ठेवलं. स्वतःच्या अंगावर असले उद्योग करतो म्हणून बरा झाल्यावर सात दिवस पिठ्ठूची शिक्षा लिहिली. पाठीवर वजनदार थैला बांधून मैदानाला पळत फेऱ्या मारायच्या, याला आम्ही पिठ्ठू म्हणायचो. संध्याकाळी मी त्याला भेटायला गेलो तर तो माझीच समजूत घालायला लागला. "बिबा उतला, त्याले तू काय करशीन? कोणाच्या हातात थोडी आहे? तू चांगला चाल फक्त. माह्या जागेवर चालून राह्यला तू."

मी मान हलवली.

सव्वीस तारखेला मी त्याच्या जागेवर चाललो. राजपथावरचं मला फारसं आठवत नाही. पुढच्याची मान, बाजूच्याचा हात आणि ढोल, एवढंच माणसाला दिसतं आणि ऐकू येतं. पण इंडिया गेट मागं टाकून लाल किल्ल्याकडं निघालो तिथं रस्ता अरुंद होता, माणसं फुटपाथवर दाटीनं उभी होती, आणि मी कडेला होतो. डाव्या बाजूनं, अगदी हातभर अंतरावरून, आवाज आला:

"थो पाहा! माहा पोरगा! कडीचा, कडीचा थो! अरे पाहा ना हो!"

मान वळवता येत नव्हती. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला नुसतं एक पांढरं धोतर आणि वर केलेला हात दिसला. हाक माझी नव्हती हे मला माहीत होतं. तरी माझी छाती पुढं आली, टाच जास्त जोरात पडली. त्या दिवशी मी इतका चांगला चाललो की संध्याकाळी उस्तादानं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील फाटकावर आले. जोडीदार दवाखान्यातून सुट्टी घेऊन पायाला पट्टी बांधून, काठी टेकत आला होता. मीही बरोबर होतो, तोच म्हणाला होता चल म्हणून. म्हातारा लहान चणीचा होता. त्यानं आधी मुलाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग फडक्यातल्या दशम्या आणि तिळाची चटणी आमच्या हातात दिली, आणि मग त्याला बोलण्याची घाई झाली.

"दिसला मले तू! संगचे लोक म्हणे, सारे सारखेच दिसते, तुमाले कसा वळखू येईन? म्या म्हणलं, बापाले चालीवरून समजते. लहानपणापासून तसाच चालते, टाच आपटत."

जोडीदारानं माझ्याकडं पाहिलं, फार नाही, एकदाच. मग म्हणाला, "हो बा."

"आन पायाले काय झालं हे?"

"बूट लागला, बा."

"इतकं चालल्यावर लागीनच." म्हातारा माझ्याकडं वळला. "आन बाबू, तू कुठी होता? तू नाई दिसला."

"मी राखीव होतो, काकाजी," मी म्हणालो.

"असू दे, असू दे. फुडच्या साली लागीन तुहा नंबर." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

ते गेल्यावर जोडीदार काठी टेकत दवाखान्याकडं वळला. मग म्हणाला, "घाटावरल्या, तुहे उपकार झाले माह्यावर. बापाची गोष्ट ठेवली तू." मला तेव्हाच सांगता आलं असतं. तो आभार मानत असताना मी हातातल्या दशम्या पाहत राहिलो. पुढच्या आठवड्यात तो बऱ्या न झालेल्या पायानं पिठ्ठूला लागला. बराकीच्या खिडकीतून मैदान दिसायचं. मी खिडकीकडं पाठ करून बूट घासायचो.

त्यानंतर आमच्या बदल्या वेगवेगळ्या झाल्या. मी पेन्शनीत निघून बुलढाण्याला कचेरीत चिकटलो, तो सोनाळ्याला शेतीवर गेला. दिवाळीला पत्र यायचं, आता त्याच्या मुलीच्या अक्षरात. दर पत्रात एक ओळ ठरलेली: बा तुझी आठवण काढते, दिल्लीचा थो राखीव पोट्टा कसा आहे म्हणते. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या पेटीत मला माझं ते "निवड झाली" लिहिलेलं पत्र सापडलं, घडीवर फाटलेलं. बहुधा त्यांनी ते पुष्कळांना वाचून दाखवलं असावं.

मागच्या हिवाळ्यात मी घाट उतरलो, मलकापूरला बस बदलली आणि दुपारी सोनाळ्याला पोचलो. म्हातारा अंगणात खाटेवर उन्हात होता. डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण नाव सांगताच त्यानं मला ओळखलं आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, "हाच थो, दिल्लीचा! हा बी होता तथी, पण याचा नंबर नाई लागला." मग पुन्हा सगळं सांगितलं, लाल तुरा, मागून चौथी रांग, टाच आपटत चालणं. शेजाऱ्यानं ते अनेकदा ऐकलेलं दिसत होतं. जोडीदार आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला, आणि गोष्ट संपेपर्यंत तो हातातच धरून उभा राहिला.

चहा झाल्यावर तो मला मळ्यात घेऊन गेला. केळीला पाणी सुटलं होतं. पाटाच्या कडेला बसून त्यानं धोतर वर घेतलं आणि पाय धुवायला लागला. उजव्या पावलावर, तळव्याच्या आतल्या अंगापासून घोट्यापर्यंत, काळा पट्टा होता. ओघळ गेला होता अगदी त्याच वाटेनं.

मी म्हणालो, "मला तुला एक सांगायचं आहे. त्या दिवशी बिबा घालताना माझ्याकडून जे घडलं, ते निव्वळ अनवधानानं घडलेलं नव्हतं."

तो पाय चोळत राहिला. चोळता चोळताच म्हणाला, "दवाखान्यात पडलो होतो तवा आलं होतं माह्या मनात. तेल लावलं नाई तू, म्या पाह्यलं होतं. पन मंग फाटकावर तू बाले म्हणला ना, मी राखीव होतो म्हणून. तवा म्या मनाले म्हणलं, नाई, हा मानूस तसा नाई. थे काढूनच टाकलं म्या डोक्यातून." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बाले नको सांगू. थो आता ऐंशीच्या वर आहे. आन मले सांगाचं अशीन त सरळ सांग. हे कचेरीच्या कागदावानी काय बोलून राह्यला बे?"

मी पाटात पाय सोडून त्याच्याशेजारी बसलो. इतक्या वर्षांत कचेरीत मी घरची बोली बोललो नव्हतो, ती तोंडात यायला वेळ लागला.

"मले ओघळ दिसला होता," मी म्हणालो. "रुमाल होता खिशात. म्या पुसला नाई. तुही जागा पाह्यजे होती मले, म्या घरी खोटं लिवलं होतं. तू पिठ्ठू घेऊन पयत होता तवाबी म्या तोंड उघडलं नाई. आन तू उपकार म्हणला, थेबी ऐकून घेतलं. चुकलो मी. माफ कर मले."