अकरा कोटींचा अंदाज

बी.ए. झाल्यावर दोन वर्षं मी घरी बसून एका वेबसाइटसाठी लिहायची. घर शिरूर कासारला, वेबसाइट पुण्याची. आई-बाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, मी लॅपटॉप उघडून घर सांभाळायची. काम एकच: प्रसिद्ध माणसांची संपत्ती किती, यावर लेख. एका लेखाचे दीडशे रुपये.

एकदा टेनिस खेळणाऱ्या मुलीचं नाव आलं. आपल्याच राज्यातली, परदेशातल्या लहान स्पर्धा खेळणारी. टेनिस मी कधी समोर पाहिलेलं नव्हतं. तिच्या आजवरच्या बक्षिसांची रक्कम मात्र सहज सापडली, ऐंशी-नव्वद लाख. विमानाची तिकिटं, प्रशिक्षक, हॉटेल यांचा खर्च तिचा तिलाच करावा लागत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. जाहिराती असतीलच म्हणून चार कोटी धरले. एका फोटोत ती मोठ्या गाडीशेजारी उभी होती, म्हणून गाडी. पुण्यात फ्लॅट असणारच. बेरीज साडेसहा कोटी झाली. संपादक फोनवर म्हणाले, "आकडा जरा भक्कम वाटू दे." मी अकरा कोटी केले आणि लेख पाठवून दिला.

साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर आई-बाबा परत आले. त्यानंतर एका दुपारी फोन वाजला. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती.

"ताई, टेनिसवरचा लेख तुम्हीच लिहिला ना? ऑफिसातून नंबर घेतला. मी तिचा वडील."

आता हे रागावणार, असं वाटलं. पण त्यांनी आवाज खाली आणला.

"तुम्हाला ठाऊक असेल म्हणून विचारतो. ते पैसे तिनं कुठं ठेवलेत?"

"कोणते पैसे?"

"अकरा कोटी. पोरगी म्हणते, हातात काही उरत नाही. तिच्यासाठी मी नोकरी सोडली, प्लॉट विकला. आता तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तर म्हणते, बाबा, थोडं थांबा. आणि तुमच्याकडं तर सगळं छापून आलंय."

हा माणूस पोटच्या पोरीला सोडून माझ्यावर विश्वास ठेवून बसला होता.

"काका, ते मी अंदाजानं लिहिलं."

"कशावरून?"

"फोटोतल्या गाडीवरून... असंच."

"ती गाडी स्पर्धेवाल्यांची होती. खेळाडूंना हॉटेलवर सोडायची." मग ते म्हणाले, "मी तिला चोर म्हणालो, ताई. दोन महिने झाले, बोललेलो नाही."

फोन बंद झाला.

"रडाय कावून लागलीस?" आईनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. "ज्यांच्या दारात कवा गेली न्हाईस, त्यांच्या घरात काय हाय ते लिवलंस कसं गं?"

मी लगेच संपादकांना फोन केला. "लेख चांगला चाललाय," ते म्हणाले, "आणि वर 'अंदाजे' लिहिलंय की." त्यांनी लेख काढला नाही. मग मी त्या मुलीचं नाव शोधून पाहिलं. माझे अकरा कोटी आणखी चार ठिकाणी होते. एका ठिकाणी लिहिलं होतं, "सूत्रांच्या माहितीनुसार". दुसरीकडे तर त्याचे बारा झाले होते.

त्याच दिवशी मी कागदावर लिहून काढलं: हा आकडा माझ्या मनातला आहे, मी कुणालाही विचारलेलं नाही, तुमच्या मुलीनं काहीही लपवलेलं नाही. खाली सही केली आणि फोटो काढून तिच्या वडिलांना पाठवला. वेबसाइटचं काम सोडलं.

आठ-दहा दिवसांनी परदेशातल्या नंबरवरून फोन आला. ती मुलगी होती.

"तुमचं पत्र बाबांनी मला पाठवलं. तुमचा राग आलाय मला, तो जाणार नाही."

"हो," मी म्हणाले.

"पण काल बाबांनी फोन केला. आधी रडले. मग विचारलं, खेळताना सर्व्हिस नीट पडते का."

फोन ठेवल्यावर मी आधीचे लेख आठवत बसले. चाळीस तरी असतील. त्यातल्या एकाही माणसाला मी फोन केला नव्हता.