अदेयाने अडवलेला खांब

अदेया माझी विद्यार्थिनी होती तेव्हाच तिने एका मुलाचा दात पाडला होता. त्याने तिच्या डब्यातली मासळी पळवली, आणि तिने पाटी उचलून सरळ त्याच्या तोंडावर घातली. रडला तो, रक्त आलं त्याला, आणि धापा टाकत उभी राहिली ही. "आता खा," एवढंच म्हणाली. पुढे तो मुलगा शिंपी झाला. अजूनही हसताना ओठ मिटून हसतो.

सरोवराच्या काठावरच्या आमच्या गावात मारामारी नवी नाही. जाळी चोरीला जातात, होड्या फोडल्या जातात, बाजारात मासळीच्या पाट्यांवरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. अदेयाचा नवरा असाच गेला. पाण्यावर दुसऱ्या होडीतल्या लोकांशी जाळ्यावरून भांडण झालं, कुणीतरी वल्हं घातलं डोक्यात. प्रेत काठाला लागलं तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. अदेयाने त्याच्या पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं. ती तेव्हा रडली नाही. ज्याने मारलं त्याच्या होडीला दोन दिवसांनी कुऱ्हाडीने भोक पाडून आली, आणि मग घरी येऊन रडली.

मागे राहिली तिची मुलगी अकुमू, तिच्या पाठचा लहान भाऊ, आणि गवताचं छप्पर. समोरच्या घरात सासू. तिला सगळं गाव दानी, म्हणजे आजी म्हणतं. आणि अंगणाच्या कडेला धाकटा दीर ओगुतू.

विधवेच्या छपराची आमच्याकडे एक अडचण असते. जुनं गवत गळत असेल तर त्यात मूठभर गवत खोचावं, त्याला कुणी हरकत घेत नाही. पण नवं घर बांधायचं, तर पहिला खांब नवऱ्याच्या घरातल्या पुरुषानेच रोवायला हवा. खांब रोवला की त्या रात्री तो तिथे झोपतो, आणि तेव्हापासून ते घर त्याचं, बाई त्याची. रोवलेला खांब उपटता येत नाही आणि घर अर्धवट टाकता येत नाही. तसं केलं तर मुलांना दोष लागतो, मुलं वाळत जातात असं सगळे मानतात. मीही चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण त्या बाबतीत मोठ्याने काही बोलत नाही.

अदेयाला ओगुतू नको होता. त्याच्या पहिल्या बायकोच्या कानाचा पडदा त्याने फाडला होता आणि ती माहेरी निघून गेली होती. म्हणून अदेया गळक्या छपराखाली राहात होती, बाजारात मासळी तळून विकत होती, आणि अकुमूला शिकवत होती. अकुमू हुशार होती. आठवीच्या परीक्षेत तिला इतके चांगले गुण मिळाले की टेकडीपलीकडच्या मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत तिचा नंबर लागला. शाळा उघडण्याआधी फी भरली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

त्याच सुमारास पैसेवाले आले, म्हणजे गरिबांना पैसे वाटणाऱ्या कुठल्याशा संस्थेची माणसं. मोटारसायकलवरून एक तरुण पोरगा आला, घराघरांची छपरं बघत फिरला. ज्यांच्या घरावर गवत होतं, त्यांनाच त्याने निवडलं. पत्रे असलेल्यांना वगळलं. पैसे सरळ फोनवर येणार होते, आधी थोडे आणि मग मोठी रक्कम. तो पोरगा चिंचेखाली उभा राहून घसा फोडून सांगत होता, "हे पैसे तुमचे. गाय घ्या, औषध घ्या, शाळेत घाला. कुणी विचारणार नाही."

कुणाचाही विश्वास बसला नाही. फुकट पैसे कोण देतं? आणि छप्पर बघून दिले म्हणजे छपराचेच असणार, हे गावाने लगेच ठरवून टाकलं. गवताने पैसे आणले, ते गवताच्या जागी पत्रे घालायलाच. दुसरीकडे वळवले तर ज्याने दिले त्याची नजर लागेल, छप्पर रागावेल, मुलांना खोकला होईल. त्या पोराने तीन वेळा सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि पत्र्यांची चौकशी करायला गेले.

ओगुतूला तर देवच पावला. पत्र्यांचं वजन जुन्या भिंती पेलणार नव्हत्या; म्हणजे पत्रे म्हणजे नवं घर, नवं घर म्हणजे खांब, आणि खांब म्हणजे तो.

पहिले थोडे पैसे आले तेव्हा अदेयाने अकुमूसाठी लोखंडी ट्रंक, गादी आणि गणवेशाचं कापड आणलं. ट्रंक डोक्यावर घेऊन ती भर बाजारातून आली. दानी दारातच बसली होती.

"छप्पर गळतंय आणि ही पेटी आणते," दानी म्हणाली. "पेटीत बसून पावसातनं वाचणार आहेस का गं?"

"अकुमू बसेल, आई. मी भिजीन."

"तुझी जीभ कापायला हवी होती लग्नातच."

"तेव्हा सुरी मासळी कापण्यात अडकली होती तुमची."

दोघी अशाच बोलत. आमच्यात सुनेने सासूशी मान खाली घालून बोलावं अशी रीत आहे. अदेया मान खाली घालायची आणि हे सगळं जमिनीकडे बघून बोलायची.

ओगुतू दुसऱ्या दिवशी तिच्या तळणीपाशी आला. मी समोरच्या दुकानात साबण घेत होते.

"वहिनी, फोनमधले पैसे काढायचा तो चोरनंबर सांग."

"भावजी, मासळी घ्या. गरम आहे."

त्याने तिचा डावा हात धरला आणि करंगळी मागे वाकवली. "सांग."

"मोठी घ्या, काटे कमी असतात."

करंगळी मोडल्याचा आवाज मी रस्त्यापलीकडून ऐकला. ओली काटकी मोडावी तसा. अदेयाच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त तोंड उघडं राहिलं. मग त्याने शेजारचं बोट धरलं. तेही मोडलं. मी धावत रस्ता ओलांडत होते तेवढ्यात अदेयाने उजव्या हाताने कढई कलती केली. उकळतं तेल त्याच्या पायावर गेलं. ओगुतू लोळायला लागला. बाजारातल्या बायका हसल्या, मग त्याच्या पायाची कातडी सुटलेली बघून गप्प झाल्या. अदेया आपल्या मोडक्या बोटांकडे बघत म्हणाली, "बाई, एवढं तेल वाया गेलं हो."

आम्ही गावच्या मुकादमाकडे तक्रार नेली. तो म्हणाला, घरातलं भांडण घरात मिटवा.

मोठी रक्कम एका शनिवारी सकाळी आली. गवताच्या छपराखालचे सगळे फोन एकाच वेळी वाजले. कोंबड्या दचकून उडाल्या. कुणी नाचलं, कुणी फोन कानाला लावून 'कोण बोलतंय' म्हणत राहिलं. अदेयाने मला निरोप पाठवला: मासळी तळून झाली की फोन घेऊन येते, मोडक्या बोटांनी फोन धरवत नाही, शाळेची फी तुम्हीच पाठवून द्या.

ती येण्याआधी अकुमू धावत आली. अनवाणी, एका गालावर वळ उठलेला. "बाई, काका खांब घेऊन आलाय!"

आम्ही पोचलो तेव्हा अदेयाच्या घराशेजारी खड्डा खणून तयार होता. ओगुतूने बरोबर दोन माणसं आणली होती. ताजा सोललेला खांब त्यांच्या खांद्यावर होता. दानी आपल्या दारात ओरडत होती, "आटपा रे लवकर, उन्हाचं बसवत नाही!" खांब एकदा त्या खड्ड्यात उभा राहिला असता तर घर पूर्ण करावंच लागलं असतं. फोनमधले सगळे पैसे त्यात गेले असते, आणि अकुमूची जागा दुसऱ्या कुणाला.

अदेया बाजारातून पळत आली होती. अंगाला माशाचा वास, केसांत खवले. तिने खांबाकडे बघितलं, मग खड्ड्याकडे, आणि उडी मारून खड्ड्यात बसली.

गुडघे छातीशी घेऊन, हात डोक्याभोवती. खड्डा अरुंद होता, ती त्यात घट्ट बसली. खांबाला जागाच उरली नाही.

"ऊठ," ओगुतू म्हणाला.

"बसलेय मी. खांब माझ्या डोक्यावर ठेवा."

खांबाची माणसं हसली. तेच ओगुतूला लागलं. त्याने हातातला कोयता उलटा करून पाठीमागच्या बोथट बाजूने तिच्या खांद्यावर मारला. ती हलली नाही. दुसरा घाव बसला. मी पुढे झाले, त्याने मला छातीवर ढकलून दिलं, मी पडले. अकुमूने त्याच्या दंडाला चावा घेतला, त्याने तिला झटकलं. तिसऱ्या घावाला अदेयाच्या खांद्याचं हाड मोडलं. या वेळी ती किंचाळली, पण खालीच सरकली, जास्त खोल.

"डोकं फोडीन, वहिनी!"

"फोडा. मग त्यात रोवा."

त्याने कोयता सरळ केला. धार खाली.

दानी कधी उठली ते मला कळलं नाही. ती काठी टेकत आली आणि ओगुतूचा हात मागून धरला. "अरे मेल्या, मारलीस तर पोरं मी सांभाळू का या वयात? सोड तो कोयता!"

"आई, बाजूला हो."

"सोड म्हणते ना!"

त्याने हात हिसडला. कोयत्याची मूठ दानीच्या तोंडावर आदळली. ती बसली जमिनीवर. ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त गळून लुगड्यावर पडलं. खांबाच्या दोन्ही माणसांनी खांब टाकून दिला.

दानीने ओठ चाचपला आणि बोटांवरचं रक्त बघितलं. मग तिने सावकाश छातीवरची गाठ सोडली. तिची ती सुकलेली, लोंबणारी छाती उघडी झाली. तिने एक स्तन हाताने उचलून मुलासमोर धरला.

"हे प्यायलास ना रे?"

"आई, नको."

"बोल. हेच प्यायलास ना? मग आता ऐक काय बोलते ते."

"आई, पाया पडतो, झाक ते!" कोयता त्याच्या हातातून गळाला. आईने छाती उघडी करून शापाचे शब्द उच्चारले तर त्या मुलाला कुठेच थारा नसतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. दोन्ही माणसं केव्हाच कुंपणापलीकडे गेली होती. ओगुतू मागे मागे सरकत गेला, भाजलेला पाय ओढत, आणि मग पळाला. दानीने ते शब्द उच्चारले नाहीत. तिने गाठ परत बांधली आणि काठी शोधायला लागली.

आईचं रक्त काढलेल्या माणसाला शुद्ध होईपर्यंत त्या अंगणात काहीच रोवता येत नाही, ना खांब ना बी. म्हाताऱ्यांनी त्याच संध्याकाळी त्याला शुद्धीचा मेंढा आणायचा निरोप धाडला. तो मेंढा आणायला गेला तो आलाच नाही. सरोवराच्या पलीकडच्या काठावर मासेमारी करतो असं ऐकते.

आम्ही अदेयाला खड्ड्यातून ओढून काढायला लागलो तर ती ओरडली, "थांबा! बाई, फोन कमरेला आहे. आधी शाळेचं."

"अगं हाड बाहेर आलंय तुझं!"

"ते कुठं पळतंय? आधी शाळेचं."

म्हणून मी खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले आणि तिने चोरनंबर माझ्या कानात सांगितला. बोटं मोडून घेतली पण सांगितला नव्हता तो. घाईत माझ्याकडून दोनदा आकडा चुकला. तिसऱ्यांदा पैसे गेले. शाळेकडून पोचल्याचा संदेश आल्यावर ती म्हणाली, "आता ओढा," आणि ओढताना बेशुद्ध पडली.

दवाखान्यात तिचा खांदा बांधला. दानी फाटक्या ओठाने शेजारी बसून होती. "छप्पर गळायचंच आता," ती म्हणाली. "पावसात बोंबलू नकोस."

"नाही बोंबलणार, आई."

"बोंबलशील. ओळखते मी तुला."

शाळा उघडली त्या दिवशी आम्ही तिघी गेलो. एक हात गळ्यात बांधलेला असूनही अदेयाने ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी अकुमूने. फाटकापाशी वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं, आईवडिलांनी इथूनच परत जायचं. अकुमूने ट्रंक खाली ठेवली आणि आईच्या कमरेला मिठी मारली.

"मी नाही जात. काका परत आला तर? तुला मारून टाकेल. मी घरीच राहते, मासळी तळते."

अदेया क्षणभर तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग तिने तिला स्वतःपासून दूर केलं आणि चांगल्या हाताने कानाखाली वाजवली. फाटकातल्या सगळ्या मुली वळून बघायला लागल्या.

"मासळी तळायला मी आहे," ती म्हणाली. "उचल ती पेटी."

अकुमू रडत रडत ट्रंक ओढत आत गेली. एक मोठी मुलगी पुढे आली आणि दुसरी कडी तिने धरली. दोघी इमारतीच्या कोपऱ्यावरून वळल्या.

अदेया रस्त्याच्या कडेला खाली बसली. चांगल्या हाताने तिने दुखरा खांदा सावरून धरला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बाई, फार जोरात लागली का हो तिला?"

"लागली गं. अख्ख्या शाळेला ऐकू आली."

तिने तोंड पुसलं आणि फाटकाकडे बघितलं. आत घंटा वाजत होती.

"मग बरं," ती म्हणाली. "माझ्यावर चिडलेली असली की ती अभ्यास चांगला करते."