भंडाऱ्याचा डाग

बर्फ वितळणे. मेण वितळणे. बर्फ वितळणे. अंबड तालुक्यातल्या आमच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायला लागल्यापासून भौतिक बदलाची हीच दोन उदाहरणं तपासून मला वीट आला आहे. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो, तिथल्या पोरांना बर्फाशिवाय काही सुचत नाही. अर्थात दोष त्यांचा नाही. वर्गाच्या भिंतीवर मीच मोठ्या हौसेने ऑइल पेंटने ओळ रंगवून घेतली होती: उलटा फिरतो तो भौतिक बदल, फिरत नाही तो रासायनिक. रोज सगळ्यांनी एका सुरात म्हणायची.

एका वर्षी घटक चाचणीत एका मुलीने लिहिलं, ‘हळदीचा डाग साबणाने लाल होणे हा भौतिक बदल आहे.’ मी कपाळावर हात मारून घेतला. आदल्याच आठवड्यात हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून लाल करून दाखवला होता, हा रासायनिक म्हणून घसा फोडून सांगितलं होतं. उत्तरावर भली मोठी फुली मारली, ते वर्गात वाचून दाखवलं आणि विचारलं, लक्ष कुठे असतं, मेंढरांत? सगळा वर्ग हसला. ती मेंढपाळाची मुलगी. त्यानंतर तिचा हात एकदाही वर आला नाही.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तिचे वडील तिला घेऊनच वर्गात आले. दरवर्षी पाऊस सरला की ते मेंढरं घेऊन परतूरच्या पुढे जातात. लेकीला शाळेसाठी मावशीकडे ठेवायचं की सोबत न्यायचं, ते त्यांना ठरवायचं होतं. हातात तोच पेपर होता.

“मॅडम, बराबर सांगा. पोरगी शिकून राह्यली का न्हाई? ती तर शाळा नको म्हणून राह्यली. तसं असलं तर नेतो संगं.”

मला दोघांचाही राग आला. चांगली चाललेली मुलगी मध्येच काढायला निघाले म्हणून त्यांचा आणि एका फुलीवर रुसून बसली म्हणून तिचा. असं लिहिलंसच का, मी चढ्या आवाजात विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, “जत्रंत बापूच्या धोतराला भंडारा लागतो. साबण लावला की लाल होतंय. मंग आई चिंचंच्या पाण्यात बुडवती, परत पिवळं होतंय. उलटं फिरलं की भौतिक. तुमीच सांगितल्तं.”

मी खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडून चिंच आणली, पाण्यात कोळली. प्रयोगातला लाल कागद कपाटात होता, तो बुडवला. पिवळा झाला. साबणात घातला, लाल. पुन्हा चिंचेत, पिवळा. बदल रासायनिकच होता. खोटी होती ती माझी ओळ. नवा पदार्थ तयार झाला का, एवढंच बघायचं असतं. गिरणीतून आणलेल्या पिठाची ज्वारी परत होत नाही, म्हणून काय दळण रासायनिक झालं? इतकी वर्षं मी भाकरी थापते, मला हे सुचू नये? स्वतःचीच चीड आली.

“मंग चुकलं कोन?” वडिलांनी विचारलं.

“मी,” म्हटलं. “मुलगी हुशार आहे, तिला नेऊ नका.” आणि वर्गात हसं केलं त्याबद्दल तिची माफी मागितली.

त्यांनी लेकीकडे पाहिलं. राहती का, म्हणून विचारलं.

तिने भिंतीकडे बोट केलं. “ते पुसा आधी.”

ऑइल पेंट पुसणार कसा? दुसऱ्या दिवशी जुन्या जालन्यातून पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि सगळ्या वर्गासमोर ब्रश तिच्या हातात दिला. तिने एक हात मारला. ओळ खालून दिसतच होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा हात मारायला घेतला.