जावेच्या वाटणीचं ऊन

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ओळीओळीला सापडतील, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात पेन आलं ते सहीपुरतंच. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. तोंडाने बोलता येत नाही म्हणून लिहिते.

घराच्या वाटणीत खालचा मजला आम्हाला आला, वरचा मजला आणि गच्ची धाकट्या दिराला. तेव्हा बरं वाटलं होतं, जिना चढायला नको. पण आमच्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून आहेत. खाली दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो.

मागे माझं अंग जड झालं, केस गळायला लागले, उन्हाळ्यातही थंडी वाजायची. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. आमच्या मालकांचा पगार थकला होता, म्हणून पैसे जावेने भरले. थायरॉइड कमी निघालं आणि व्हिटॅमिन डीसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, "ही दोन्ही पुष्कळदा एकत्र सापडतात. एकामुळेच दुसरं होतं असं ठाम सांगता येत नाही. थायरॉइडची गोळी चुकवायची नाही, डीचं औषध लिहून देतो तेवढंच घ्यायचं. आणि थोडं उन्हात बसत जा."

ऊन तर सगळं जावेकडे. ती गच्चीवर लोकांच्या चटणीच्या मिरच्या वाळवते. उघड्या दंडांनी, मोठ्याने हसत फिरते. ती सावळी म्हणून लग्नात बायका कुजबुजल्या होत्या, तेव्हा मला मनातून गोड वाटलं होतं. आता तिच्या त्याच रंगाचा हेवा वाटतो. तिच्या मिरच्यांचासुद्धा वाटतो. दिवसभर वर लोळतात.

"अक्का, वर या की उन्हाला!" ती जिन्यातून ओरडायची.

"काम हाय," मी म्हणायचे.

तिचं देणं असताना तिच्याच गच्चीवर जाऊन बसणं मला जमेना. मी पलीकडच्या गल्लीतून मिरच्यांचे देठ काढायचं काम आणलं. सकाळी उंबऱ्यात उन्हाचा पट्टा येई, तिथे बसायचे. तो सरकला की मीही सरकायचे.

एकदा जाऊ खाली आली आणि बघतच राहिली.

"अवो अक्का, डोक्यापासनं मनगटापतोर गुंडाळून बसलाय! उनानं शिरायचं कुठनं? किल्ली देऊ का त्येला?"

गल्लीतल्या बायका हसल्या. मला रडू आलं. तिचं खरं होतं, त्याचाच जास्त राग आला.

मजुरी साठेल तसे पैसे देत गेले. ती "राहू द्या हो" म्हणायची, तेही टोचायचं. काल उरलेले घेऊन गच्चीवर गेले.

"मोजून घे."

"तुमचं काय मोजायचं, अक्का?"

"मोज."

तिने मोजले, बटव्यात ठेवले आणि मिरच्या हाताने बाजूला सारून मला जागा केली. मी डोक्यावरचा पदर मागे टाकला, बाह्या वर केल्या. तिचे दंड माझ्यापेक्षा चांगले दिसत होते, अजूनही. पण मी बसून राहिले. तिचे सगळे पैसे फिटले होते.